सावली तालुका, सर्व्हे नंबर एकशे बारा

बडोद्याहून निघालं की दर खेपेला तेच मनात यायचं:
तालुक्याचं नाव सावली,
आणि आमच्या साडेतीन विघ्यांत
पाय टेकायला जागा नाही, नुसते काटे.

इथले लोक त्याला गांडो बावळ म्हणतात.
आपण म्हणू, वेडी बाभूळ.
बी कुणी पेरलं नाही, पाणी कुणी घातलं नाही.
शेळ्या शेंगा खाऊन गेल्या
आणि लेंड्यांतून रान वाढत राहिलं.
कोर्टाने 'जैसे थे' सांगितलं होतं.
मी मानलं, हंसाक्काने मानलं,
एकट्या बाभळीने मानलं नाही.
एकोणीस वर्षं.

जेसंग पढियार सातला आला.
ताशी नऊशे, डिझेल त्याचं.
टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी,
बॉनेटला माताजीची चुनरी, विटलेली.
तो रानात उलटा शिरला,
स्लॅशर पुढे आणि आपण मागे,
मान वळवून, गाणं न लावता.
बारीक झुडपं अशी गेली
की जणू तिथे नव्हतीच.
धूळ मात्र राहिली, हिरवट, कडू,
दातांत, चष्म्यावर.

जाड खोडांना साखळी.
"बुडाशी बांधायची काका, वीतभर वर फक्त.
उंच बांधली तर झाड येत नाही,
ट्रॅक्टर उभा राहतो."
मग लो गिअर. साखळी ताठ.
काही वेळ काहीच होत नाही,
नुसता धूर काळा होत जातो.
आणि मग खालून, खूप खालून,
गोणपाट फाटल्यासारखा आवाज.

पलीकडच्या टोकाला हंसाक्का बसली होती.
घडीची खुर्ची, छत्री, थर्मास.
माझी चुलतबहीण, वादी क्रमांक एक.
आमच्या मध्ये रान होतं तोवर
ती दिसत नव्हती, हे बरं होतं.
आता दर तासाला
ती थोडी थोडी जवळ येत होती,
खुर्चीवरून न उठता.

बाराच्या सुमारास इंजिन बंद पडलं.
पडलं नाही, त्याने केलं.
"काका, आ बावळ नथी."
मला सगळं सारखंच दिसत होतं.
"काटा बघा ना. बसका आहे. हा खिजडो."

खिजडो.
पन्नास सालच्या खतात एक ओळ आहे:
खिजड्याच्या उत्तरेस धाकट्या भावाचा हिस्सा.
कमिशनर आला होता पाहणीला,
धोतर फाडून परत गेला,
लिहिलं, झाड आढळून येत नाही.
माझ्या वकिलाने ते विहिरीकडे दाखवलं,
तिच्या वकिलाने रस्त्याकडे.
ते जिथे होतं
तिथे कुणीच दाखवलं नव्हतं.

आता त्याचा उपयोग नाही.
तडजोड दिवाळीतच झाली,
निम्मं निम्मं, दोन्ही अंगठे, दोन्ही सह्या.
साक्षीदार हजर झाला
आणि न्यायालय उठून गेलेलं.
वाळकं होतं ते, एका अंगाने बोडकं,
बाभळीच्या गर्दीतून मान काढून
उजेडाकडे वाकलेलं.

अक्का आली, पदर खोचून, पायात बूट.
वाटेत उपटलेली मुळं, वर तोंड करून पडलेली.
मी म्हटलं, "पाय जप."
एकोणीस वर्षांतलं पहिलं वाक्य हे,
वकिलाकरवी न बोललेलं.

ती झाडाकडे बघत राहिली.
"लहानच आहे रे.
मला केवढं आठवत होतं."

जेसंगने घड्याळ पाहिलं.
"वळसा घालून जाऊ का काका?
आणि बुडखे राहिले तर पावसात परत फुटेल हं हे.
दोन वर्षं मागे लागावं लागतं."
आम्ही दोघांनीही मान हलवली,
कशाला, ते त्याने ठरवलं.

थर्मासच्या झाकणातून तिने चहा दिला.
साखर नव्हती.
तिला मधुमेह आहे हे मला माहीत होतं.
सोळा सालच्या एका तारखेला
तिच्या वकिलाने सर्टिफिकेट लावलं होतं.