ओकसारखं

ड्यूजबरीच्या आमच्या घरात
मधल्या खोलीला सध्या जमीन नाही.
म्हणजे आहे, पण उघडी.
जुना गालिचा मी मार्चमध्ये फाडून काढला.
खाली रबराचा भुगा, भुग्याखाली पिवळी वर्तमानपत्रं,
त्याखाली पाइनच्या फळ्या, मध्ये बोटबोट फटी.
तळघरातला वारा त्यांतून वर येतो
आणि मोज्यांची चौकशी करून जातो.

ओकचा भाव विचारला तेव्हा दुकानातल्या इम्तियाजने
कॅल्क्युलेटर नुसता माझ्याकडे फिरवला.
भला माणूस.
आकडा तोंडाने उच्चारला नाही.
वर ओकचा एक तुकडा पिशवीत टाकला,
"असू दे, बघायला."

मग नमुने.
लॅमिनेट: भुशाच्या पाटीवर लाकडाचा फोटो,
दर चौथ्या फळीला तीच गाठ,
जणू एकच झाड
त्याच फांदीपाशी पुन्हा पुन्हा मोडलं.
कॉर्क: पायाला ऊब, खुर्चीला खड्डा.
बांबू: "अरे, हे तर गवत," मृण्मयी म्हणाली,
"आमच्याकडे ह्याची सुपं करतात."
व्हिनाइल: पाणी चालतं. बाकी काही बोलत नाही.

सहा आठवडे हे तुकडे घरभर.
रेवाने त्यांच्या खाटा केल्या,
बाहुल्या आजारी पडल्या, बऱ्या झाल्या.
एका रात्री मृण्मयीने प्रत्येकावर
वरणाचा एकेक थेंब ठेवला आणि दिवा मालवला.
सकाळी निकाल: कॉर्क नापास. बांबू काठावर पास.
आणि तो फुकटचा ओक,
पिवळाधमक, साफ नापास.

खरं सांगायचं तर लाकडावर चालायची
आमच्यात कुणाला सवय होती?
मिरजेला पायाखाली शहाबादी फरशी,
थंड, करडी, कोपऱ्यात टवका उडालेली.
लाकूड म्हणजे पाट.
त्याला पाय लागला तर वाकून नमस्कार.
मग ओक कुठून शिरला डोक्यात?
हॅरोगेटला, साहेबांच्या घरी, जेवणाच्या रात्री,
त्यांच्या बायकोच्या टाचेचा तो भरदार आवाज.
मला लाकूड नको होतं बहुतेक.
मला खोलीत शिरल्याचं
असं ऐकू यायला हवं होतं.

शेजारचे डेरेक ऑल्ड्रॉइड, वय एक्याऐंशी,
चहाचा मग घेऊन फटींवरून जपून चालत आले.
त्यांचे वडील इथल्याच गिरणीत चिंध्या फाडायचे.
फाटके कोट, जुने मोजे पिंजून पुन्हा सूत,
सुताचं पुन्हा कापड.
शॉडी म्हणायचे त्याला.
"बाहेर ती शिवी झाली," डेरेक म्हणाले,
"आमच्या घरी तो शुक्रवारचा पगार होता."
मग ओकचा तुकडा उचलून वास घेतला,
"छान आहे," म्हणाले,
आणि त्यावरच मग ठेवला.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
आम्ही पाय पाहून अंथरूण शोधत होतो.
त्यात बॉयलरने एप्रिलमध्ये मान टाकली,
आणि निवड आपोआप झाली.

व्हिनाइलच्या खोक्यांवर लिहिलं होतं:
फिकट ओक, ग्रामीण.
भिंतीलगतची पट्टी उचकटली
तेव्हा खालच्या फळीवर पेन्सिल दिसली.
कुणीतरी गुडघ्यावर बसून मांडलेला हिशोब,
पौंड, शिलिंग, पेन्स.
वरचा आकडा खोडलेला,
खाली लहान आकडा,
त्याखाली दोन रेघा, दुसरी घाईघाईची.
नाव नाही.

मृण्मयी टॉर्च धरून उभी होती. म्हणाली,
"आपलाही लिही."
लिहिला.
एकदा खोडून, पुन्हा लिहिला.

मग पहिली पट्टी भिंतीला टेकवली,
दुसरी तिच्या खाचेत,
आणि टिचकी वाजेपर्यंत
तळहाताने दाबत राहिलो.