रिकाम्या जागेसकट

केप्याच्या कोर्टासमोर, आल्फोंसच्या बेकरीवर आमचं ऑफिस.
दोन टेबलं, एक कपाट,
आणि एक कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात आता तीळभर जागा नाही.
वकीलबाई म्हणाल्या, "शेवंती, रिबेलोंची इन्व्हेंटरी मिटली.
घर विकलं, सह्या झाल्या, पैसे वाटले.
तो फोल्डर उडव."

उडवला.
उडाला नाही.

म्हणे, तो कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये उघडा आहे.
सगळं मिटलं. प्रिंटरची रांगसुद्धा.
बंद करून पुन्हा चालू केलं, मध्ये एक चहा.
मग म्हणे, परवानगी लागेल.
कुणाची? तर शेवंती वेळीप हिची.
मीच शेवंती वेळीप, चौदा वर्षं याच खुर्चीत.
दिली परवानगी.
सरकारी खिडकीसारखी त्यानं ती ऐकून घेतली
आणि फोल्डर जिथल्या तिथे.
बाई कागदातून मान वर न काढता म्हणाल्या,
"मुंडकार झालाय तो. असा नाही हलायचा."

बाजारातल्या मोबाइलवाल्या नेल्सनला फोन लावला.
"नावांची माळ लांब झालीय," तो म्हणाला,
"कितलें भितर गेलीस गो मावशे?"

किती आत?
कायतानच्या आत पिएदाद,
पिएदादच्या आत कराचीला गेलेला बेर्नार्द,
बेर्नार्दच्या आत मोंबासाचे दोघे,
धाकट्याच्या आत स्विंडनची ओलिंडा.
प्रत्येकाला बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं सबंध नाव,
आईकडचं, बापाकडचं, मधला संत,
मीच टाइप केलेलं, एकही 'द' न गाळता.
कोर्टात एक 'द' चुकला तर वारस बदलतो.
मशीनला एवढी नावं एका दमात घेता येत नाहीत.

उपाय सोपा : नावं छोटी कर.
कायतान मिगेल पिओ द रिबेलो : क.
मारिया पिएदाद फिलोमेना : प.
बेर्नार्द : ब.
खाली पोदेर संध्याकाळचे पाव काढत होता
तोवर मी चार पिढ्या
अर्ध्या बाराखडीत बसवल्या होत्या.
मग आतून सुरुवात. ओलिंडा गेली, मोंबासा गेलं,
कराचीनं थोडा वेळ घेतला.

उरला एक. पिएदादच्या पोटातला.
त्याच्यामुळे प राहिली, प मुळे क.
आकार शून्य. आत काही नाही.
नाव : मेनिनो. म्हणजे नुसताच मुलगा.
उडवायला गेलं की मशीन म्हणतं,
ही वस्तू सापडत नाही.
अरे, डोळ्यांसमोर आहे की!

"नावाच्या शेवटी स्पेस असेल," नेल्सन म्हणाला,
"जुन्या मशीनवर पडलेली. तुला दिसत नाही,
आणि हा ती सोडून शोधतो,
मग तसा कुणी त्याला भेटतच नाही."

तेव्हा आठवलं.
अठ्ठेचाळीस सालचा, अकरा दिवस जगलेला.
चर्चच्या वहीचं ते पान वाळवीनं खाल्लेलं.
पाद्री म्हणाले होते, दुसरी प्रत आहे, पुढच्या आठवड्यात बघू.
नाव मिळालं की पुढे लिहीन
म्हणून मीच जागा सोडली होती.
पुढचा आठवडा आला नाही, तारखा आल्या.

काळी खिडकी उघडायची.
आधी दोन तिरप्या रेघा, मग एक प्रश्नचिन्ह, मग आणखी एक रेघ,
मग सगळा पत्ता अवतरणात,
आणि त्याला रिकाम्या जागेसकट हाक मारायची, आहे तशी.
मारली.
काळी खिडकी काम झालं की काहीच बोलत नाही.
प गेली. क गेला.

"किती जागा झाली?" बाईंनी विचारलं.
"दोन जीबी."
त्यात त्याची काही नव्हती, हे सांगण्यासारखं नव्हतं.

जिना उतरताना लक्षात आलं,
कागदाची फाइल अजून कपाटात आहे,
वरून तिसरी, लाल नाडीची.
त्यात मेनिनोच्या पुढे मी पेन्सिलीनं तीन टिंबं काढलीत.
त्याबद्दल अजून कुणी काही म्हटलेलं नाही.