लाभ

मन्मथप्पांच्या अडतीची माडी, लातूर.
माझा संगणक, एक टेबलफॅन,
आणि तुरीची पिवळी धूळ, कळफलकाच्या फटीफटीत.

खालून पोत्यांचे आकडे येतात,
वर मी त्यांना हिशोब शिकवतो.
मागच्या मंगळवारी बारा पोती नि आठ पोती
मिळून एकशे अठ्ठावीस झाली.
बारा हा आकडा नव्हताच, नुसती अक्षरं होती.
आठही तसाच.
एकाला एक चिकटून बसले, झालं.
पट्टी छापून गेली.
अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बोलले काहीच नाहीत.

त्या रात्री लिंटर बसवला, टाइप चेकर बसवला.
आता प्रोग्राम चालायच्या आधीच बोट पडतं:
ओळ एकेचाळीस, हे नाव ठेवलंस, वापरलंस कुठं?
ओळ साठ, इथं हमाली, तिथं हामाली. एकच का दोन?
ओळ एकशे चार, भाव आलाच नाही तर?
रिकाम्याला गुणणार आहेस?

दोनशे सत्तर लाल रेघा.
तीन ठिकाणी मी वैतागून लिहिलं, इकडे बघू नकोस.
त्यानं बघितलं नाही.
इतका आज्ञाधारक, याचीच नंतर झोपेत भीती वाटली.
उठून तिन्ही पुसले.

काल दुपारी नवीच तक्रार.
पहिलं पोतं: आकडा हवा होता, मजकूर सापडला.
उघडून बघतो तर
'लाभ'.

जिना उतरलो.
मौलासाब मापाडी थप्पीपुढं उभे,
चाळीस हंगामांच्या बसक्या गळ्यानं:
लाभ… दोन… तीन…
आणि टॅबवर बसवलेलं सोहेल नावाचं पोरगं
ऐकू येईल ते इमानानं टिपत होतं.

"काय बघायलास रे?"
काका, एक म्हणा की. मशीन अडायलंय.
"पहिल्या मापाला एक म्हणतेत व्हय कुणी?
रास एकटी पडती."

वर आलो. फॅन धूळ फिरवत होता.
चेकरचं खोटं नव्हतं, लाभ हा आकडा नाही.
मौलासाबचंही नव्हतं.
दारातच चार ओळींचा एक माणूस उभा केला:
लाभ आला तर एक समज, मग आत सोड.
वर टीप लिहिली,
हे काढू नये. खाली मौलासाब मोजतात.

चुका शून्य, म्हणतो चेकर.
काटा सरळ होता का, भाव खरा होता का,
ते मी त्याला विचारलेलं नाही.

संध्याकाळी अप्पा जिन्यातूनच म्हणाले,
बारा नि आठ?
वीस, अप्पा.
असं का, म्हणाले,
आणि खिशातली पेन्सिल काढून
पट्टीच्या पाठीवर
स्वतः बेरीज करायला लागले.