सात आणि आठच्या मधे

सोसायटीची डिझेलटाकी जमिनीखाली कधी फुटली
ते टाकीलाही ठाऊक नसावं.
जुलेखा सारंगांच्या बावीवर एका पहाटे
मोरपंखी तवंग दिसला, तेव्हा खारवीवाडीला कळलं.

मग आम्ही आलो. जांभ्यातून अकरा बोअर पाडले.
दर तीन महिन्यांनी बाटल्या भरायच्या, बर्फात ठेवायच्या.
बर्फही बंदरावरचाच,
त्याला बांगड्यांचा वास.

आता माझ्या पडद्यावर वाडी आहे:
घरं नाहीत, माड नाहीत, फक्त अकरा टिंबं,
आणि टाकीपासून खाडीकडे लांबलेली एक जीभ.
पहिल्या वर्षी ती शाळेच्या कुंपणाला चाटत होती.
यंदा निम्मी आत ओढलेली.

साफ कुणी केलं नाही. निधी अजून वाटेतच आहे.
खाली कुणीतरी जेवत होतं.
आधी त्यांनी प्राणवायू संपवला, मग नायट्रेट,
मग जांभ्यातला गंज,
ज्यानं आमच्या पायवाटा लाल, पोरांचे शाळेचे मोजे लाल,
त्या गंजावर श्वास घेत
बेंझीनचं कडं फोडत राहिले, बिनपगारी.
आलेखात बेंझीनची रेषा उतरते,
विरघळलेल्या लोहाची चढते.
त्या जिथे एकमेकींना छेदतात
तिथे मी उगाचच बराच वेळ माऊस धरून बसते.

प्रोग्रॅम रंग स्वतःच सुचवतो: लाल ते हिरवा.
तसंच छापून नेलं.
चाचींनी चष्मा पदराला पुसला, बोटानं आपली बाव शोधली.
"हिरवी झाली गो! म्हणजे उद्यापासून पाणी काढू?"

टिंब क्रमांक सात. अजून मर्यादेच्या दुप्पट.
आणि सात अन् आठच्या मधे, जिथे त्यांचं परसू,
तिथे बोअरच नाही.
तिथली रेषा यंत्रानं अंदाजानं ओढलेली,
सगळं ठाऊक असल्यासारख्या वळणानं.

रात्री हिरवा काढून टाकला.
सगळा नकाशा एकाच तपकिरीत, गडद ते फिका,
आणि जिथे माहीत नाही तिथे कोरा कागद.
साहेब म्हणाले, यात यश दिसत नाही.

चाचींनी मात्र कोऱ्या जागेवर नख टेकवलं.
"इथं पोफळीच्या बुडाशी सासऱ्यांची जुनी बाव आहे.
फळ्या टाकून बंद केलेली.
दोरी लागेल बारा हात."

बाटलीवर मी बारा लिहिलं,
आणि फळी उचलायला त्यांनी
दुसऱ्या टोकाला हात घातला.