नाक दमतं

"निळं दिसलं की लगेच नाव घेऊ नकोस, ल्युमिर,"
क्वेतुशे हाबर्मानोवा म्हणाली,
आणि काठी बाजूला ठेवून सरळ पोटावर झोपली
बीचच्या गेल्या वर्षीच्या पानांत.
चौऱ्याहत्तर वर्षांची बाई.
एकतीस वर्षं ह्राबूवकात आणि वरच्या वाड्यांत टपाल वाटलेलं.
"उभ्याने बघितलं तर सगळी व्हायोलेटं सारखीच.
पाकिटंही सारखीच असायची."

मीही झोपलो शेजारी. कोपरांना ओल.
एप्रिलचा दुसरा आठवडा, कार्पेथियनचा उत्तर उतार,
ओहोळात अजून बर्फाची एक मळकी चिंधी.
वर झाडांना पानं यायची आहेत
म्हणून ऊन थेट जमिनीला लागतं,
आणि ते लागतंय तोवर
यांना सगळं उरकून घ्यायचं असतं.

"तोंड बघू नकोस. तोंड सगळेच सजवतात.
मागून बघ. शेपूट बघ."

पाकळ्यांच्या मागे भाताच्या दाण्याएवढी नळी.
भिंगाखाली ती गडद, पाकळ्यांहून जांभळी, निमुळती:
ही गर्द रानातली.
वाटेच्या कडेला मात्र फिकी, जवळजवळ दुधाळ,
जाडसर, टोकाशी खाच,
कुणी नखाने दाबावी तशी:
ही रिव्हिनची.
हिला उजेड जरा जास्त लागतो
आणि ही थोडी मागाहून उगवते,
सण उलटल्यावर आलेल्या शुभेच्छापत्रासारखी.

मी वहीत लिहिलं: गडद, गडद, फिकी, गडद.
मग एक अशी, की लिहिताच येईना.
शेपूट जांभळी, पण जाड. खाच आहे. नाही. आहे.
छापील तक्त्यात रकाने दोनच.
क्वेतुशेने भिंग पुसलं, पुन्हा लावलं,
बराच वेळ काही बोलली नाही.
"दोन्हींची आहे. बहुधा बी धरणार नाही."
"मग कुठे लिहू?"
"पत्ता अर्धवट असला तर मी पाकीट परत नाही पाठवायचे.
दार वाजवून विचारायचे."
मी फुलाकडे बघितलं. त्याला दार नव्हतं.
तिने मधल्या रेघेवरच फुली मारली,
पेन्सिल दाबून, कागद फाटेल इतकी.

दुपारी दफनभूमीच्या भिंतीपाशी तिसरीच जात.
हिला खोड नाही, पानाफुलांचे देठ
मातीतूनच वर आलेले.
"केसाळ की सुवासिक? आधी धावरे शोध."
मी बोटं मातीत खुपसली. एक दोरा लागला,
तो पुढच्या रोपाकडे गेला,
तिथून एका थडग्याच्या कठड्याखाली.
"आता वास घे."

घेतला. गोड, पावडरीसारखा,
लोकरीचे कपडे ठेवलेल्या ट्रंकेतून यावा तसा.
पुन्हा घेतला: काही नाही.
तिसऱ्यांदा: नुसती माती.
मी लिहायला लागलो, *वास नाही*,
तेवढ्यात तिने पेन्सिल काढून घेतली.

"फुलाचा वास जात नाही रे. नाक दमतं.
या वासातच काहीतरी असतं,
आधी गोडी दाखवतं, मग दार लावून घेतं.
ओढ्यापर्यंत जाऊन ये."

गेलो. तोंडावर गार पाणी मारलं.
एक मुंगी कुठलंतरी पांढरं टोक असलेलं बी
फरफटत नेत होती, ते बघत बसलो.
यांचं बी इतक्या लवकर? नाही, दुसरंच काही असेल.

परत आलो तेव्हा ती भिंतीआत उभी होती,
एका दगडावरचं शेवाळ नखाने काढत.
पाठमोरी. हाक मारली नाही.
दगडावरचं नाव मी वाचलं नाही.
आडनाव वाचलं.

वाकलो. वास होता.
"आहे," मी म्हणालो.
"असणारच," ती म्हणाली, वळली नाही.

साडेपाचच्या बसमध्ये खिडकी लागत नव्हती.
नखांत माती. तिकीट काढताना
हात तोंडाजवळ गेला
आणि बोटांना एकदाच तो वास आला.
मग मी हात मांडीवर ठेवला,
ब्रनोपर्यंत तसाच.