आधी, नंतर

पाटी रंगवताना पेंटरने विचारलं होतं,
एक दात काढू का मॅडम, मोठा, मुळांसकट?
म्हटलं नको, नाव पुरे.
अंबड लिंक रोड, खाली हार्डवेअरचं दुकान,
वर मी, डॉ. आश्लेषा खैरनार,
आणि जिनाभर पीव्हीसी पाइपांचा वास.

दोन वर्षांत कळलं, नाव पुरत नाही.
कॉलेज रोडवरचा माझा वर्गमित्र
ॲप्रन घालून नाचतो,
बोटाने हवेत दाखवतो रूट कॅनॉलचे तीन गैरसमज,
आणि त्याच्याकडे म्हणे बसायला जागा नसते.

मग तबस्सुम स्टूलवर चढली, फोन धरला.
मॅडम, हसा.
हसले.
असं नाही, पेशंट पळेल.
सातव्यांदा जमलं.

फॉलोअर दोनशे बारा,
त्यातले साठ खैरनार, चाळीस आहेर.
अक्कलदाढेच्या व्हिडिओखाली मालेगावची मावशी लिहिते,
किती वाळलीस गं, जेवतेस ना वेळेवर?

संक्रांतीला तिळगूळ आणि माझा लोगो.
पाडव्याला गुढी आणि माझा लोगो.
एकदा तर, तारखा आधीच लावून ठेवल्याने,
कुणाच्या तरी पुण्यतिथीला माझा लोगो,
पंधरा टक्के सवलतीसह.

निवृत्ती पगारे सातपूरहून आले, पहिली पाळी करून,
तळहाताच्या रेषांत ऑइल मुरलेलं.
लेथवरून तुकडा उडाला होता,
वरचे पुढचे चार दात गेले, आणि त्यांच्यामागोमाग
बरेचसे शब्दही.
'स' म्हणताना शीळ वाजायची
म्हणून सिन्नर, सासरे, सुपरवायझर
सगळे टाळत बोलायचे.

दात बसवले. काढता-घालता येणारे, तारेचे,
शेजारच्या तंबाखूला शोभेल अशा रंगाचे.
त्यांनी आरशात पाहिलं, मग खिडकीतून बाहेर,
मग हळूच म्हणाले, सिन्नर.

फोटो घेतले. आधी. नंतर.
रीतसर फॉर्मवर सही घेतली.
त्यांनी तो वाचला नाही,
मी वाचून दाखवला नाही.

अकरा हजार लोकांनी पाहिलं.
खर्च किती? लोकेशन पाठवा. दुखतं का?
रात्री साडेबाराला उत्तरं देताना
मी वर्गमित्राला मनातल्या मनात
खुर्चीत बसवून हिरड्या दाखवायला लावत होते.

नवव्या दिवशी पगारे आले. बसले नाहीत.
मुलीच्या सासरी बघितला, मॅडम.
दुसरा फोटो राहू द्या.
तो पहिला तेवढा काढा.

मला म्हणायचं होतं,
पहिला नसेल तर दुसऱ्याला काय अर्थ,
नुसता हसणारा माणूस कुणाला काय पटवणार?
पण ते फोनकडे पाहत होते,
ऊन लागल्यासारखे डोळे बारीक करून.

काढला.
उरला एक माणूस, हसतोय.
एकतीस जणांनी पाहिला, त्यात मावशी.

महिन्याभराने दुसऱ्या पाळीचे तिघे जिना चढले.
तबस्सुमने फॉर्म पुढे केला,
आमच्याबद्दल कुठे कळलं?
फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल, इतर.

त्यातल्या एकाने मान खाजवली.
पगारेनं दाखवलं ना. टपरीवर.
चहा आला की दात काढतो, बशीत ठेवतो,
म्हणतो, बघा रे, हे आधी.
परत बसवतो. म्हणतो, हे नंतर.
मग दिसेल त्याला जोरात हाक मारतो,
सुपरवायझर साहेब!
रोजचं आहे त्याचं. हसून पोट दुखतं.

तबस्सुमने 'इतर'वर खूण केली,
आणि माझ्याकडे पाहिलं, हात फोनकडे जात असलेला.

म्हटलं, ठेव तो.
पगारेंना निरोप दे,
दात गरम चहाजवळ ठेवायचे नसतात, वाकडे होतात.

आणि समोर बसलेल्याला म्हटलं,
हं, आ करा.