वडगाव, माग चालू असताना

पहाटे पाचला वडगावात माग सुरू होतात,
म्हणून मला गजर लागत नाही.
खटक्-खट, खटक्-खट.
भिंतीपलीकडे साडी वीतभर वाढते,
भिंतीअलीकडे मी
क्रेब्ज चक्राच्या तिसऱ्या पायरीवर,
कालच्याच जागी.

खोलीत दोन खाटा.
दुसरी शिवलीलाची, बैलहोंगलची.
ती कानडीत पाठ करते, मी मराठीत विसरते,
क्लास दोघींचाही इंग्रजीत.
हृदयाला दोन्हीकडे हृदयच म्हणतात, रक्ताला रक्त,
प्लीहेपाशी मात्र आमची फाटाफूट होते:
तिची गुल्म, माझी प्लीहा.
सर म्हणतात स्प्लीन, आणि पुढे जातात.

साडेसातची बस. पाटी कानडीत.
अक्षरं येतात मला, शाळेत होती,
खरं वाचत नाही मी,
ड्रायव्हरच्या मिशीवरून बस ओळखते.
दुसऱ्या रेल्वे गेटावर अडकलो की
मालगाडीच्या डब्यांवर मूलद्रव्यं बसवायची:
हायड्रोजन, हेलियम, लिथियम…
बेचाळिसावा डबा मोलिब्डेनम.
फाटक उघडतं.

क्लास टिळकवाडीत, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर.
मे महिना. खाली अक्षता, वर मेंडेल.
वाटाण्याची दुसरी पिढी मांडता मांडता
जिन्यातून मसालेभाताचा वास चढतो
आणि नव्वद पोरं एकदम आवंढा गिळतात.
मंगलाष्टकं लागली की कटारकी सर खडू ठेवतात.
त्यांचा आवाज मोठा आहे,
खरं ‘सावधान’पुढे त्यांचंही चालत नाही.

शुक्रवारी रँक लागतो, चपलांच्या वर.
मी एकसष्टावी. मागच्या शुक्रवारी अठ्ठावन्न.
बाबा सोसायटीत काजू तोलतात,
ग्रॅमपर्यंत हिशोब लागतो त्यांना,
मार्कांचं मात्र कधी विचारत नाहीत.
“जेवलीस न्हवं गे वैजू?”
जेवले, म्हणते मी,
आणि जांबोटीची रेंज ऐन वेळी तुटते, हे एक बरं.

काल रात्री अकराला दार वाजलं.
घरमालक विरुपाक्षमामा. भुवयांवर सुताची धूळ.
“डॉक्टरीणबाई, हा खोकला संक्रांतीपासनं हाय.
बघ की जरा.”
शिवलीलानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.
एका श्वासात पाचशे मिलिलिटर हवा, हे मला पाठ आहे.
वायुकोशांच्या भिंतीची जाडीसुद्धा.
मामा खाटेच्या कडेला बसले
आणि आपणहूनच लांब श्वास घेतला,
कुणी सांगितलं नव्हतं.
मी हात पुढे केला. कुठे ठेवायचा ते कळेना.
पाठीवर ठेवला.
आत खरखरत होतं,
दोरा गुंतलेला असताना कुणी माग रेटावा तसं.
मला चार पर्याय सुचले. अ, ब, क, ड.
एकही त्यांना मोठ्यानं सांगण्यासारखा नव्हता.

“मामा, उद्या सिव्हिलला जाऊया.”
“उद्या ताणा भरायचाय.”
“मग परवा.”
शिवलीलानं तेच कानडीत, रागावून सांगितलं
तेव्हा त्यांनी मान हलवली.
जाताना टेबलावर दोन आंबे ठेवले.
फी, म्हणाले.

आजच्या टेस्टला श्वसनावर पाच प्रश्न होते.
चार आले. पाचव्याला फार वेळ गेला,
तळहात मधेच
पाठीची ऊब आठवत बसला होता.

आता अर्ज लिहितेय. परवा क्लास बुडणार,
केसपेपरची रांग आठलाच लागते.
छापील अर्ज आहे, सुट्टीचं कारण, आजाऱ्याचं नाव,
आजाऱ्याशी नातं.
शिवलीला वाकून बघते. “इथं काय लिहिणार?”
पलीकडचा माग थांबलाय. बहुतेक पाणी प्यायला.
आम्ही दोघी गप्प.
खटक् ऐकू आलं
तेव्हा लिहिलं: भाडेकरू.